मधेच थांबवलेला ढोल

नाथाजीच्या बँडला लोक नावं ठेवत, त्याचं मला काही वाटत नसे. नावं ठेवणाऱ्यांनी निदान ऐकलेलं तरी असायचं. माझा राग आहे तो न ऐकता गौरव करणाऱ्यांवर. नाथाजीला त्यांनीच बुडवलं, आणि तेही डोक्याला फेटा बांधून.

नाथाजी कोरेगाव तालुक्यातला. पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बंगळूरच्या छावणीत कुणा गोव्याच्या माणसाकडून इलेक्ट्रिक गिटार शिकला आणि पेन्शनीत इस्लामपुरात राहायला आला तो गिटार बगलेत मारूनच. त्याची बायको लीलाबाई म्हणायची, "लोकं पलटणीतनं ट्रंका आणत्यात, आमच्या ह्येंनी तारा आणल्या." तिथंच माझं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान. गिटारीला अँप्लिफायर लागतो म्हणून तो माझ्याकडं आला, आणि त्याच्या नादानं मीही बँडबरोबर हिंडायला लागलो.

सुरुवातीला सरळ काम होतं. त्याचा जोडीदार अर्जुना क्लॅरिनेटवर, नाथाजी गिटारीवर. वरातीपुढं आधी पलटणीची कवायतीची धून, मग सिनेमाची गाणी. पैसे मिळत, जेवण मिळे. पण नाथाजीचं मन त्यात रमेना. छावणीत साहेबांच्या तबकड्यांवर त्यानं विलायती पोरांचं वाजवणं ऐकलं होतं. एकच धून बराच वेळ रूप पालटत जाते, शेवटी सुरुवात कुठली होती तेही आठवत नाही. असलं काही आपल्या मातीतलं काढायचं, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात आटपाडीकडची माणसं आमच्या भागात खडी फोडायला आली. त्यांत सिद्धू होता, धनगराचा. कामावरून सुटल्यावर तो पालापुढं ढोल वाजवायचा. नाथाजीनं एकदा रस्त्यानं जाताना ऐकला आणि सायकल तिथंच आडवी टाकून खाली बसला.

ढोल सिद्धूच्या घरचा, पण मालकी देवाची. त्याचा बाप ज्योतिबा वस्तीतला जाणता. त्यानं नाथाजीला स्पष्ट सांगितलं, "वाजवू दे पोराला. पन एक दिस आमी चारजनं येऊन सगळं ऐकणार. पटलं तर ढोल तुमच्याकडं, न्हाई तर माघारी." वस्तीचा एक नेमही त्यानं घालून दिला. ढोल एकदा उचलला की वाजवायला घेतलेला डाव पुरा झाल्याबिगर हात काढायचा नाही.

मग बँडचा नाद बदलत गेला. क्लॅरिनेटची धून ढोलाच्या चालीवर वाकडी व्हायला लागली, गिटारीची तार इतकी लांबायची की माझे कर्णे थरथरत. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वाजवलं तेव्हा पोरं "रॉक, रॉक" म्हणून नाचली. त्यांतलाच एक शहाणा वर म्हणाला, ढोल तेवढा काढून टाका. लग्नघरी उलटं, ढोल झकास, ते तारांचं केकाटणं बंद करा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नाथाजी मात्र शांत.

"ह्येंची चूक न्हाई, भाऊसो," तो मला म्हणायचा. "नव्या पाव्हण्याला एकदम माजघरात न्हेलं तर बुजणारच की. आदी सोप्यात बसवायचं, पानी द्यायचं, मग हळूच आत."

त्यानं तशीच एक लांब चीज बसवली. सुरुवात वरातीच्या ओळखीच्या धुनेनं. ती हळूहळू सैल करायची. मग गिटार एकटी. मग लांबून आल्यासारखा ढोल, आणि शेवटी तिघं मिळून जे वाजवत त्याला नाव नव्हतं. पण ती सलग ऐकावी लागायची. मधे तुटली की मागचं सगळं वाया.

पंचाहत्तरच्या चैत्रात इस्लामपूरजवळच्या एका गावच्या यात्रेत, कुस्त्यांच्या आधी, आमचा कार्यक्रम ठरला. ज्योतिबाची मेंढरं तेव्हा तिथल्याच रानात बसली होती, त्यामुळं ढोलाचा निकालही तिथंच लागणार होता. ढोल गेला तर नाथाजीला पुन्हा सिनेमाची गाणी वाजवत फिरावं लागणार होतं. मी यात्रा कमिटीच्या आप्पासोला आधीच बजावलं, "मधी कुणाचा सत्कार काढू नका. आदी घ्या न्हाई तर शेवटी घ्या."

"आवं, काळजीच सोडा," आप्पासो म्हणाला.

ऊन कलल्यावर सुरू झालं. वरातीची धून ऐकून माणसं हसत जवळ आली. धून सैल झाली तसं हसणं थांबलं, पण कुणी उठलं नाही. गिटार एकटी रडायला लागली तेव्हा पेढेवाल्यानं तराजू खाली ठेवला. सिद्धूनं ढोलावर हात टाकला आणि माझी नजर ज्योतिबाकडं गेली. म्हातारा वस्तीतल्या तिघांच्या मधे काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्याचा अंगठा काठीवर ताल धरत होता. सांगतो ना, त्या माणसाला पटत होतं!

आणि तेवढ्यात साखर कारखान्याच्या एका संचालकांची जीप आली. वरातीमागून घोडं! आप्पासोनं धावत येऊन माइक धरला. "कलेचे आश्रयदाते आपल्यात आलेले आहेत. त्यांच्या शुभहस्ते कलावंतांचा सत्कार होईल."

अर्जुनाची फुंक तुटली. नाथाजीनं मान हलवून 'थोडं थांबा' अशी खूण केली, गिटार सोडली नाही. सिद्धू तर डोळे मिटून वाजवत होता. त्याला बापाचा नेम ठाऊक होता. तेव्हा आप्पासो पुढं झाला आणि त्यानं सरळ ढोलाच्या कातड्यावर आपला पंजा ठेवला.

"आरं थांब की गड्या! तुझाच सत्कार हाय!"

ढोल बंद पडला. मी माझ्या जागेवरून शिवी हासडली, ती कर्ण्यातून बाहेर गेली नाही याचं आजही वाईट वाटतं. मग फेटे झाले, हार झाले, फोटो झाला. ग्रामीण कलेला उत्तेजन दिलं पाहिजे, यावर संचालकसाहेब बोलत राहिले. उत्तेजन द्यायला आलेल्या माणसानं एक ठोकाही ऐकला नव्हता. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मानपान म्हटला की आमच्याकडं सगळं मागं सरतं, चालू असलेली कला तर पहिली.

ज्योतिबा गर्दीतून पुढं आला. नाथाजी फेटा काढून उभा राहिला. "मामा, पुन्ना पयल्यापासनं वाजवतो. ऐका तरी."

"ऐकलं की," म्हातारा म्हणाला. "लय चांगलं व्हतं. त्या तारंचं बी मला समजाया लागलं व्हतं. पन डाव मोडला. डाव मोडलेला ढोल देवापाशी न्हेऊन शांत करावा लागतोय. त्यो परत बाजारात न्हाई यायचा."

"पोराची चूक न्हाई त्यात."

"न्हाईच. तुजी बी न्हाई. पन नेम नेम हाय."

सिद्धूच्या डोक्यावरचा गुलाबी फेटा कानावर आला होता, तोही त्यानं सावरला नाही. ज्योतिबानं ढोल खांद्याला अडकवला, चार पावलं गेला आणि वळून नाथाजीला म्हणाला, "म्होरं काय व्हतं रं त्यात? ऐकायचं राह्यलं."

नाथाजी हातातला फेटा गुंडाळत राहिला. म्हातारा रानाकडं चालू लागला.

तोवर साहेबांची जीप धुरळा उडवत निघाली होती. आप्पासोनं हात जोडून तिला निरोप दिला, माइक तोंडाशी धरला आणि खुशीत म्हणाला, "कलावंतांनी आता आपला कार्यक्रम पुढं चालू करावा."