ओली फिल्म आणि डगा आप्पा

एक्स-रे काढणाऱ्यांकडे किस्से साठतातच. आमच्याकडे माणूस आधी श्वास रोखतो, अन् सोडला की पोटातलं सगळं बोलून मोकळा होतो! आता फोटो स्क्रीनवर दिसतो. मी शहाद्याकडच्या दवाखान्यात लागले तेव्हा मात्र फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. माझे सीनियर डगा आप्पा. पेशंट फोटोशिवाय परत गेला, की त्यांना जेवण जात नसे.

शेतातले पंप सुरू झाले की आमचं व्होल्टेज पडायचं. एकदा आप्पांनी शेजारच्या शेतकऱ्याला थेट फोन लावला. "पाच मिनिट मोटर बंद कर भो, तुन्ही सासूनी छातीना फोटो काढी ऱ्हायनू!"

मोटर बंद झाली. सासूच्या धाकानं पुन्हा दोन दिवस सुरूच झाली नाही!

ओल्या फिल्म अंगणात दोरीवर वाळत घालायचो. एकदा सहा फिल्मवरचे नंबर पुसले गेले. मला रडूच आलं. तेवढ्यात एक म्हातारबा उठले, दोरीजवळ गेले अन् एक फिल्म काढून म्हणाले, "हाऊ मन्हा! डावी बरगडी म्हैसनी मोडेल शे."

बरोबर होतं!

एकदा तपासणीला सुरतहून मेकॅनिक आला. मशीन उघडून म्हणाला, भंगारात काढा.

आप्पा म्हणाले, "तू तुन्हा रिपोर्ट लिख. तवलगून मी तीन फोटो काढी लेसू!"

तीन काढले. चौथा मेकॅनिकचा. बसमध्ये त्याची कंबर धरली होती!

आणि तो सातपुड्यातल्या काठी गावाकडचा तरुण. होळी चार दिवसांवर, नाचायचा नवस, अन् पाय सुजून टम्म. नवसाच्या दिवसांत खाटेवर बसायचं नाही, म्हणून तो टेबलावर चढेना. डॉक्टर म्हणाले, फोटोशिवाय प्लॅस्टर नाही. तो म्हणाला, "नवस मोडणार नाही."

आप्पांनी एक्स-रेची ट्यूब टेबलाच्या बाजूला फिरवली, जाईल तितकी खाली आणली. फिल्मची कॅसेट फरशीवर ठेवली, शिशाचा एप्रन घालून स्वतः गुडघे टेकले अन् त्याचा पाय अलगद तिच्यावर ठेवला.

हाड मोडलेलं होतं. प्लॅस्टरही फरशीवरच घातलं. डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर हा पाय टेकवायचा नाही."

त्यानं ओली फिल्म उजेडात धरून नीट पाहिली.

"आप्पा, हा उजवा ना?"

"हां, उजवा."

"मग डावा नाचेल!"