टेल्लेर्वोने लेकीला भर सभेत विचारलं

टेल्लेर्वो पॉयहोनेन वुओक्सी नदीकाठच्या इस्पितळात एकतीस वर्षं एक्स-रे काढत होती. गेली चार वर्षं तिच्या जोडीला संगणक आला होता. मोडलेलं हाड तो तिच्या आधी दाखवी, आणि बहुतेकदा बरोबर दाखवी. पण चुकला, तरी तेवढ्याच खात्रीने चुके. त्या खात्रीचीच तिला धास्ती वाटे.

तिची लेक विल्या हेलसिंकी सोडून गावी परतली, तेव्हा टेल्लेर्वोला आभाळ ठेंगणं झालं. मग नोकरी कसली ते कळलं. ड्रोनने टिपलेल्या चित्रांतून हत्यारबंद माणूस ओळखायला यंत्राला शिकवायचं. हे काम करणाऱ्या कंपनीत नगरपालिकेने भागीदार व्हावं, असा प्रस्ताव होता. शेजारच्या देशाची सीमा वीस मिनिटांवर. ती बंद झाल्यापासून पलीकडची गिऱ्हाइकं थांबून बाजारपेठ ओस पडलेली. गाव दुभंगलं. सॉनाच्या वाफेत एकत्र बसतानासुद्धा लोक तुटक बोलू लागले. मायलेकींनी घरात हा विषय काढायचा नाही, असं ठरवून टाकलं.

शाळेच्या सभागृहात जाहीर सभा भरली. मंचावर कंपनीच्या वतीने विल्या होती. म्हातारा आर्मास उठला. त्याच्या आईबापांना युद्धात घर टाकून पळावं लागलं होतं. आज आपला नातू सीमेवर पहारा देतोय, माणूस पेंगतो, यंत्र पेंगत नाही, युरोपने आता तरी रक्षणासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं सोडावं, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

मग टेल्लेर्वो उभी राहिली. विल्याचा चेहरा उतरला.

"तुमचं यंत्र चुकतं, तेव्हा ते त्याला कळतं का?"

"आई, मला अहोजाहो कशाला?" विल्या म्हणाली. कुणी हसलं नाही. "नाही कळत. म्हणून शेवटचा निर्णय माणूस घेतो."

"इस्पितळात तो माणूस मीच. पहिल्या वर्षी मी प्रत्येक फोटो पुन्हा तपासायचे. आता दमले असले की यंत्राचं खरं मानते. तुमचा माणूस किती दिवस तपासेल?"

विल्या म्हणाली, "मला नाही माहीत."

आठवड्याने प्रस्ताव नगरपालिकेत तीन मतांच्या फरकाने मंजूर झाला. विल्या दोन रविवार घरी फिरकली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती बूटही न काढता दारातच उभी राहिली.

"सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस मला."

"हो."

"मग आता येऊन चित्रं बघ. आमच्यातल्या कुणीच इतकी वर्षं असल्या पडद्याकडे पाहिलेलं नाही."

टेल्लेर्वोचं मत बदललं नव्हतं. तरी सुट्टीच्या दिवशी ती विल्याच्या कंपनीत गेली. तासाभरातच एका चित्रावर तिने बोट ठेवलं. जंगलात एक बाई वाकलेली, हातात काठी आणि बादली. यंत्राने तिच्याभोवती लाल चौकट आखली होती.

"ही अळंबी वेचतेय," टेल्लेर्वो म्हणाली.

विल्याने चित्र मोठं करून पाहिलं आणि यंत्राची चूक म्हणून नोंद केली. दुपारपर्यंत अशा सात नोंदी झाल्या. मधे कॉफी प्यायलाही दोघी उठल्या नाहीत.