कालिंदी परबचा डबा

लालबागमध्ये गिरणी कामगाराच्या दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसांत वाढलेल्या कालिंदी परबला 'एकत्र कसं राहायचं' हे समजावून सांगायला एक पस्तिशीचा मुलगा बसला, तेव्हा तिने मुकाट मान डोलावली. नोकरी हवी होती. चोवीस वर्षं जिथे टेलिफोन सांभाळला ती ट्रॅव्हल कंपनी बंद पडली होती आणि त्रेपन्नाव्या वर्षी तिला दुसरं कोण विचारणार होतं?

मुलाचं नाव सौमित्र. लोअर परळच्या एका टॉवरचे दोन मजले घेऊन त्याने 'सोबत' नावाचा कारभार थाटला होता. वर राहायच्या खोल्या, खाली काचेच्या भिंतींचं ऑफिस. दूरदेशीच्या कंपन्यांची कामं करणारी पोरं वर झोपायची, खाली येऊन लॅपटॉप मांडायची आणि ह्याला कुटुंब म्हणायची. कालिंदी तिथली मॅनेजर. चादरी, गीझर, पाणी, प्लंबर, सगळं तिच्या गळ्यात.

सहा महिन्यांत तिला त्या कुटुंबाची शिसारी आली. शेजारच्या खुर्चीतल्याकडे चार्जर मागायचा तरी ही मंडळी ॲपवर लिहीत. रुचा नावाची मुलगी तीन दिवस तापाने पडून होती. ग्रुपवर तिला ढीगभर लाल बदाम आले, पण पेज घेऊन गेली ती कालिंदी. दर बुधवारी सगळे गोल बसून एकटेपणावर बोलत, एखादा रडतही असे, आणि उठताना आपापले कप तिथेच टाकून जात. ते उचलताना कालिंदीला त्यांची कीव यायला हवी होती. येत नसे.

एका सोमवारी सौमित्रने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"कालिंदीताई, छोटीशी गोष्ट. जेवणाच्या वासाबद्दल ॲपवर तक्रार आलीय."

"कोणाच्या जेवणाच्या?"

"तुमच्या. सुकटाचा वास एसीतून सगळीकडे पसरतो म्हणे. डबा खाली वॉचमनच्या खोलीत खाल्लात तर?"

"तक्रार केली कोणी?"

"नाव सांगायचं नाही, हा आपला नियम आहे."

तोंडावर बोलायची धमक नाही, म्हणून नियम. "बरं," एवढंच ती म्हणाली आणि महिनाभर वॉचमनच्या खोलीत पार्सलांच्या ढिगाऱ्याशेजारी जेवली.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी 'सोबत'ची पंधरा माणसं गाइड घेऊन कफ परेडच्या मच्छीमार नगरात फिरून आली. नील नावाच्या पोराने परत आल्या आल्या तिच्यापुढे फोन धरला. वाळत टाकलेल्या बोंबलांपुढे तो हात पसरून उभा होता.

"कालिंदी, काय व्हाइब आहे तिथे! आणि तो वास, यार! एकदम रॉ!"

आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायची, हीसुद्धा तिथली पद्धतच. "हो का?" ती म्हणाली. तक्रार ह्याची की आणखी कोणाची, ह्याने आता काही फरक पडत नव्हता.

पुढच्या आठवड्यात पैसे गुंतवणारे पाहुणे यायचे ठरले. सौमित्र स्वतः तिच्या टेबलापाशी आला.

"ताई, तुमच्या हातचं बांगड्याचं तिखलं हवं. तीस माणसं. तुमची गोष्टही सांगू त्यांना. गिरणी, चाळ, वडील..."

"नाही जमणार."

"वेगळे पैसे देऊ ना."

"पैशाचं नाही. जिथे बसून मला खाता येत नाही, तिथे मी रांधून वाढणार नाही. आणि माझ्या बापाची गिरणी तुमच्या पाहुण्यांना तोंडी लावायला नाही."

सौमित्र हसला. अडचणीत आला की तो हसायचा. "अहो, गैरसमज होतोय तुमचा."

"काही होत नाही. पाहुणे जाऊ देत, दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसातच जेवणार. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

त्याला चाललं. पाण्याचा कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे आणि बोलावल्यावर कुठला प्लंबर खरंच येतो, हे तिच्याशिवाय तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिखलं त्याने बाहेरून मागवलं आणि पाहुण्यांना आपल्या आजीची पाककृती म्हणून सांगितलं. त्याची आजी दादरच्या हिंदू कॉलनीतली, शुद्ध शाकाहारी. कालिंदी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला राग आला नाही. इतक्या हलक्या माणसावर राग काय करायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ऑफिसच्या मधल्या लांब टेबलावर डबा उघडून बसली. भाकरी, सुकटाची चटणी, कांदा. आजूबाजूला दोन खुर्च्या लांब सरकल्या, एकाने उगाच नाक चोळलं. समोर येऊन बोललं कोणीच नाही.

चौथ्या दिवशी नील येऊन रेंगाळला. "भारी दिसतंय. टेस्ट करू?"

जेवताना दारी आलेल्याला तिच्या आईने कधी विन्मुख पाठवलं नव्हतं. कालिंदीला ते आठवलंही. तिने वर पाहिलं.

"नाही," ती म्हणाली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

नील ओशाळं हसून आपल्या जागेवर गेला. ती सावकाश जेवली, डबा धुतला आणि तिसऱ्या खोलीचं तुंबलेलं बेसिन बघायला वर गेली.