डिसेंबरातलं खत

अमेलबेर्गा मठात आली तेव्हा कांद्याची पात कुठली आणि तिचाच जाड बुंध्याचा भाऊबंद लीक कुठला, हे तिला कळत नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे ते विसरले. तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं, घरात पियानो होता, आणि तिच्या हातांना बदामाच्या साबणाचा वास यायचा. मी शेतकऱ्याची लेक. आयझर नदीकाठची आमची चिकण माती कधी खणायची आणि कधी तिच्या वाटेला जायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नाही, घरात बघत बघतच मी मोठी झाले.

दुपारच्या प्रार्थनेनंतर तासभर सगळ्यांनी बागेत काम करायचं, तेही मुकाट्याने, असा आमच्या मठाचा नियम. प्रत्येकीला एक वाफा. तण उपटता उपटता मनातलंही उपटलं जातं, असं आमच्या संस्थापिकेचं म्हणणं. तण मी नेहमी मुळासकट उपटत आले आहे. मनातलं मात्र जागचं हललं नाही.

दुसरा एक नियम असा, की वर्षाच्या शेवटच्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी मदर टोपलीत चिठ्ठ्या टाकतात आणि आम्ही एकेक उचलतो. जपमाळ बदलते, खोलीतला क्रूस बदलतो, वाफाही बदलतो. कशालाही 'माझं' म्हणू नये, यासाठी हे सगळं. कल्पना चांगली आहे, पण ज्यांनी ती काढली त्यांनी शेती केलेली नव्हती. जड मातीत थंडीच्या तोंडावर शेणखत घालून ठेवावं लागतं. मग हिमाने ढेकळं फुटतात, खत मुरतं, आणि वसंतात माती भुसभुशीत होते. आता जो वाफा वर्ष सरताच दुसरीच्या वाट्याला जाणार, त्यात गारठ्यात शेण ओढून कोण टाकेल? कुणी टाकत नसे. शरद संपला की फावडी भिंतीला टेकायची, आणि जानेवारीत जी ती दुसरीने उपाशी ठेवलेल्या वाफ्यावर उभी राहून त्यागाचे धडे गिरवायची. मीही टाकत नव्हते. माझ्या बापाने बघितलं असतं तर कान उपटला असता, पण बापाचं शेत दर वर्षी शेजाऱ्याकडे जात नव्हतं.

अमेलबेर्गा तेवढी टाकायची. शेजारच्या मोरिसच्या गोठ्यातून एकचाकी ढकलगाडी भरून आणायची. फाटकापाशी गाडी कलंडायची, ती पुन्हा भरायची. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, बाईला चिठ्ठ्यांचं अजून समजलेलं नाही. गप्पांच्या वेळी मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "सिस्टर, तो वाफा काही तुझा राहणार नाही हो. शेण फुकट चाललंय."

"शेण कुठे फुकट जातं, सिस्टर?" ती म्हणाली.

सगळ्या हसल्या. शेणाला हसल्या की मला, हे काही कळलं नाही. मी आपलं माझ्यावर ओढून घेतलं.

मग सुरू झालं ते कौतुक. ज्या वाफ्यावर ती वर्षभर राबली असेल तो पुढच्या वर्षी जिच्याकडे जाई, तिची गाजरं अशी पोसायची की काही विचारू नका. गाजरं जिची असतील ती बाजूलाच राहायची. "अमेलबेर्गाची माती आहे ती," असं म्हणायच्या सगळ्या. एका वर्षी ती माती माझ्या वाट्याला आली. मी लीक लावले, मी पाणी घातलं, बुंधे पांढरे राहावेत म्हणून कंबर मोडेस्तोवर मातीची भर मीच दिली. लीक मनगटाएवढे झाले. मदर बर्टिल वाफ्यापाशी थांबल्या, वाकल्या, आणि म्हणाल्या, "लिवीना, काय माती करून ठेवलीय गं अमेलबेर्गाने." त्या दिवशी त्याच लीकचं सूप झालं. चवीला उत्तम होतं आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

लीकचं एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण तिचा चेहरा बदलत गेला. आली तेव्हा हात फुटले म्हणून रडायची, दारं आपटायची, कुणी काही बोललं की दोन दिवस गाल फुगवून बसायची. हळूहळू ते सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक. ती गुडघे टेकून रोपं लावत असली की येणारे-जाणारे आवाज खाली आणायचे. नव्या मुलींना बागकाम शिकायला मदर तिच्याकडे पाठवू लागल्या. तिच्याकडे, जिची एक रांग आयुष्यात सरळ आली नाही! मदर एकदा म्हणाल्या, "अमेलबेर्गा बागेत असली की तिथे देवळात आल्यासारखं वाटतं."

मी विचारलं, "आणि मी असले की?"

मदर खोटं बोलत नाहीत. त्यांनी थोडा विचार केला. "तू असलीस की बाग स्वच्छ असते," त्या म्हणाल्या.

मला काय हवं होतं ते सरळच सांगते. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मला हवं होतं. आणि ते तिच्याकडे असू नये, असंही वाटत होतं. त्याच मातीत, त्याच तासाला, तेच गुडघे दुखवून घेऊन देव तिच्या वाफ्यात यावा आणि माझ्या वाफ्यावरून पुढे जावा, हे कुठल्या न्यायात बसतं? मी प्रार्थनेत त्याला हे विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.

गेल्या शरदात अमेलबेर्गाचे पाय सुजले आणि ती आजाऱ्यांच्या खोलीत गेली ती गेलीच. खिडकीतून तिला बाग दिसायची. तिला ताकातली लापशी भरवायची पाळी माझी होती. एके दिवशी ती बाहेर बघत म्हणाली, "माझ्या वाफ्यात यंदा कुणी खत टाकलेलं दिसत नाही."

"कोण टाकणार?" मी म्हटलं. "तोंड उघड."

तिने तोंड उघडलं नाही. "लिवीना, तू अजून जळतेस ना गं माझ्यावर?"

 इतकी वर्षं जे मी पापांची कबुली देताना पाद्र्याच्या कानातसुद्धा आडवळणाने सांगत आले, ते तिने लापशीच्या वाटीवर मांडलं. मी म्हटलं, "हो. पहिल्या दिवसापासून."

"मीही जळायचे. पहिल्या दिवसापासून." ती मजेत होती. "तू फावडं हातात घेतलंस की ते आपोआप चालतंय असं वाटायचं. आणि माझ्या साबणाची टवाळी करायचीस, ती काय मला ऐकू येत नव्हती? म्हटलं, कधीतरी माझा वाफा हिच्या वाट्याला येईल, तेव्हा कळेल हिला. म्हणून टाकायचे मी खत. देवाचा त्यात काही संबंध नव्हता."

"आला ना माझ्या वाट्याला."

"आला की. तू ते सूप गिळत होतीस आणि मी तुझं तोंड बघत होते. इतकी खूश मी मठात कधी झाले नव्हते." तिला हसू आवरेना. "मग डिसेंबर आला. म्हटलं, झालं आता, कशाला ओढायची गाडी? पण पाय मोरिसकडे वळलेच. सवय लागली होती. पुढे केव्हातरी बघते तर जळणं गेलेलं, खत टाकणं तेवढं राहिलेलं. कधी गेलं ते विचारू नकोस. माझं लक्ष नव्हतं."

मला आनंद व्हायला हवा होता. तीही माझ्यासारखीच होती, हे ऐकायला मी जन्म काढला असता. पण माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणजे हिचं जे काही शिजलं ते माझ्याच चुलीवर! मी म्हटलं, "तुझं गेलं आणि माझं राहिलं. इथेही पुढे तूच."

"अगं, पण तू खत कुठे टाकलंस?" ती म्हणाली, आणि तोंड उघडलं. मी लापशी भरवली.

नाताळच्या आधी ती गेली. तिने मातीत देव शोधला, असं फादर प्रवचनात म्हणाले. सगळ्यांनी डोळे पुसले. खरं काय ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. चांगुलपणा म्हणून नव्हे. सांगितलं असतं तर ती त्यांना आणखीच आवडली असती.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, मी ढकलगाडी घेऊन मोरिसच्या गोठ्यात गेले. तो म्हणाला, "सिस्टर अमेलबेर्गांचं काम आता तुम्ही घेतलंत वाटतं."

"मी माझंच काम करतेय," मी म्हटलं. "भर."

गाडी फाटकापाशी कलंडली. तिथे उतार आहे, हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं. मी पुन्हा भरली. पुन्हा गेले, पुन्हा आणली. सगळं माझ्या वाफ्यात घातलं, नीट पसरलं, बाप पसरायचा तसं. पुढच्या वर्षी जिच्या वाट्याला येईल तिने म्हणावं, ही लिवीनाची माती. मन शांत वगैरे काही झालं नाही. प्रत्येक फावड्याला मी जळतच होते. गाडीत थोडं उरलं होतं आणि शेजारी अमेलबेर्गाचा वाफा उघडा पडला होता, दगडासारखा. त्यात मी एक फावडंही टाकलं नाही. उरलेलं होतं तेसुद्धा माझ्याच वाफ्यात उपडं केलं. मग हात धुऊन चिठ्ठ्यांना गेले.

माझा वाफा सिस्टर युडोकाला गेला. तिला शेणाचा वास सहन होत नाही. मग मी टोपलीत हात घातला, चिठ्ठी मदरकडे दिली. मदरनी वाचली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"लिवीना, नशीबवान आहेस गं," त्या म्हणाल्या. "तुला अमेलबेर्गाची माती आली."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरिसच्या गोठ्याचं दार वाजवलं तेव्हा त्याने काही विचारलं नाही, गाडी पुढे ओढली आणि भरायला लागला.