वेखंडाचं बोट

लोक मला खाष्ट म्हणत, आणि म्हणत ते काही खोटं नव्हतं. रत्नागिरीत आमच्या घराच्या पडवीत मी बालवाडी आणि पाळणाघर चालवायचे. सकाळी गाणी आणि पाटी, दुपारी मऊभात आणि झोप, साडेपाचला ज्याची आई त्याला घेऊन जायची. मुलं अठरा आणि मदतीला एकटी माझी नणंद. न ओरडता अठरा पोरं खाली बसवून दाखवा, मग मला नावं ठेवा.

अठ्ठ्याण्णव साल असेल. शाळा सुरू होऊन महिना झाला होता, तेव्हा एक बाई तिच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. ही कोर्टात कारकून, नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा उगवणारा. मुलगी बोलत नव्हती. हाक मारली तर मान वळवायची नाही, पण कडी वाजली की दचकायची, म्हणजे बहिरी नक्कीच नव्हती. आधीच्या दोन ठिकाणांहून तिला आठवड्याच्या आत घरी पाठवलं होतं.

"बाई, हिने मला एकदा आई म्हणावं, बाकी मला काही नको," असं म्हणून ती पडवीतच रडायला लागली.

रडणाऱ्या बायकांचा मला भारी राग. मी म्हटलं, "डोळे पुसा आधी. दिवाळीपर्यंत बोलती करते हिला. नाही बोलली तर मात्र घेऊन जायचं. मुकी पोरं सांभाळायला मी बसलेली नाही."

बिचारीने मान डोलावली. मुलीला मी परत पाठवलं असतं तर तिला नोकरीच सोडावी लागली असती, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

मुलगी आली की पहिल्यांदा पायरीवरच्या सगळ्या चपला ओळीत लावायची. लहान आधी, मोठ्या नंतर, टाचा भिंतीला. लावून झाल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. मी नणंदेला म्हणायचे, "बघ गो, फुकटची मोलकरीण मिळाली." आणि मग, आता सांगायलाही लाज वाटते, मी जाता जाता पायाच्या अंगठ्याने एक चप्पल तिरकी करायचे. ती धावत जाऊन सरळ करायची. मी पुन्हा तिरकी करायचे. पोरं खिदळायची. एकदा ती सात वेळा गेली, आणि आठव्या वेळी पायरीवर डोकं आपटायला लागली. तेव्हा मी हसायची थांबले, पण पोरं थांबली नाहीत.

तिला बोलती करण्याचं माझं औषध म्हणजे वेखंड. आमच्याकडे मूल बोलायला उशीर करू लागलं की म्हणतात, जीभ जड आहे. मग वेखंडाचं कांडं सहाणेवर मधात उगाळायचं आणि बोटाने जिभेला चोळायचं. माझ्या आईने आम्हा सगळ्या भावंडांना चोळलं होतं, आणि आमच्यातलं एकही तोंडाला कमी नाही. त्यामुळे माझा विश्वास अगदी ठाम.

हिला साधं भाताचं शीत बोटाला चिकटलेलं चालायचं नाही, वरण भाताला लागलेलं चालायचं नाही. तिच्या तोंडात मी ते उग्र, जीभ बधिर करणारं बोट घालायला गेले. ती दात आवळून बसली. मग नणंदेने पाय धरले, मी गुडघ्याने हात दाबले, आणि नाक चिमटीत धरलं. नाक धरलं की श्वासासाठी तोंड उघडावंच लागतं. "उघड शिंचे! उघड तोंड!" रोज दहाच्या ठोक्याला. बाकीची पोरं अंगठा तोंडात घालून गप्प बघत बसायची. तिचं ओरडणं शेजारच्या दगडी गडग्यापलीकडे ऐकू जायचं.

एकदा नणंद म्हणाली, "वहिनी, पुरे आता. जनावराला सुद्धा असं करत नाहीत."

"मग तू कर तिला बोलती," मी म्हटलं. ती पाय धरत राहिली.

दिवाळी आली, गेली. मुलगी बोलली नाही, पण ओरडायची थांबली. सहाणेवर कांडं घासल्याचा आवाज आला की आपली आपण येऊन चटईवर आडवी व्हायची आणि तोंड उघडायची. मी तिच्या आईला ते करून दाखवलं. "बघा, वळण लागलं." मुदत वाढवून दिली. तिने माझे पाय धरले, आणि मी धरू दिले.

आंब्याला मोहोर आला होता त्या सुमारास आम्हा बालवाडीच्या बायकांना एका शाळेत शिबिराला बोलावलं. पुण्याहून एक तरुण मुलगी आली होती. तिने फळ्यावर शब्द लिहिला, स्वमग्नता. मी तो पहिल्यांदाच वाचला. हाकेला ओ देत नाहीत, वस्तू ओळीत लावतात, स्पर्श आणि चव सोसत नाही, असं ती सांगत गेली, आणि मला वाटलं, ही माझ्या पडवीत येऊन बघून गेली की काय! पुढच्या रांगेतल्या एकीने वेखंडाचं विचारलं. पुण्याची ती मुलगी म्हणाली, "जिभेचा काही दोष नसतो हो. जबरदस्ती करू नका. चित्रं दाखवा, आता पुढे काय होणार ते आधी सांगा, वाट बघा. आणि अशा मुलांना लवकर आमच्याकडे घेऊन या. या वयात जे शिकवता येतं ते पुढे फार कठीण जातं." पुण्याचा पत्ता लिहिलेला कागद तिने सगळ्यांना वाटला. घरी येताना तो माझ्या कमरेला होता. रिक्षात मी रडले. उद्या त्या पोरीच्या आईला सगळं सांगायचं, चपलांचंसुद्धा, असं ठरवलं.

सकाळी ती बाई धावतच आली. हातात पेढ्यांचा पुडा.

"बाई, बोलली! आज उठल्या उठल्या बोलली हो!"

"काय बोलली?"

"तुम्हीच ऐका."

मुलीने चपला लावल्या. आत आली, सहाणेजवळ चटईवर आडवी झाली, आपलंच नाक आपल्या चिमटीत धरलं आणि स्वच्छ म्हणाली, "उघड शिंचे. उघड तोंड." माझाच हेल. शिंचेनंतर मी दम घ्यायचे, तिथे तिनेही घेतला.

आई हसत होती आणि डोळे पुसत होती. "आई पण म्हणेल ना हो आता? वेखंड बंद नाही ना करायचं?"

कागद कमरेलाच होता. नणंद माझ्याकडे बघत होती. सगळं गाव म्हणणार होतं, बाईंनी मुकीला बोलती केली.

"बंद नाही करायचं," मी म्हटलं, आणि पेढा घेतला.

त्यानंतर पाच वर्षांनी ती बाई पुन्हा आली. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून मुलीला पुण्याला दाखवून आली होती. मुलगी नऊ वर्षांची, आईच्या खांद्याला लागलेली. माझ्या चपला तिने भिंतीला लावल्या, मान वर करून मला पाहिलं, नाक चिमटीत धरलं आणि तोंड उघडून उभी राहिली.

"अजून आई म्हणत नाही," बाई म्हणाली. "तिथे म्हणाले, चार वर्षांची असताना आणायला हवी होती. पण बाई, तेव्हा आपल्याला कुठे माहीत होतं, नाही?"

"नाही हो," मी म्हटलं. "कुठे माहीत होतं."