तुटायच्या आधीचं पोलाद

पवनानगरच्या बाजीरावांचं अर्धं आयुष्य पोलाद तुटताना बघण्यात गेलं. लोणावळ्याजवळच्या एका प्रयोगशाळेत ते धातू ओढायचं यंत्र चालवत. बोटाएवढी कांडी दोन जबड्यांत धरायची आणि ताणायची, इतकी सावकाश की ती निजलीय असं वाटावं. मग मध्येच तिची कंबर बारीक होई, चकाकी जाऊन तिथं दुधाळ छटा येई. खिडकीबाहेर दरीतून धुकं वर चढत असे. बघता बघता बाजीराव असे हरवत, की चहा गार झालेलाही त्यांना कळत नसे.

गेल्या वर्षी अनघा मॅडम तिथं रुजू झाल्या. धातू आतून कसा खचत जातो, याचं गणित त्या संगणकावर मांडत. पण गणितातली कांडी खऱ्या कांडीपेक्षा दर वेळी उशिरा तुटे. एका दुपारी त्यांनी बाजीरावांना सगळं समजावून सांगितलं. ताणलेल्या पोलादात बारीक बारीक पोकळ्या होतात, वाढतात आणि एकमेकींना मिळतात. त्या नेमक्या कधी मिळतात, तेवढंच हाती लागत नव्हतं.

बाजीराव म्हणाले, "तुटायच्या जरा आदी जोर येकदम उतराया लागतो, मॅडम. मी तितं थांबवतो. तुमी कापून बघा."

पहिल्या दोन कांड्या थांबवेपर्यंत तुटल्या. तिसरीच्या वेळी यंत्राच्या पडद्यावरची जोराची रेघ खाली कलली न कलली तोच बाजीरावांनी यंत्र बंद केलं. कांडी अखंड होती. ती उभी कापून आरशासारखी घासली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"आधी तुम्ही बघा, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

एकोणीस वर्षांत बाजीरावांनी पोलाद आतून कधी पाहिलं नव्हतं. उजळ पठारावर काळी तळी पसरली होती. मधली काही एकमेकांत मिसळून त्यांचा एक वाकडा ओहोळ झाला होता, आणि कडेला मात्र सगळं शांत होतं. त्यांना तिथून नजर काढवेना.

पोकळ्या मॅडमच्या अंदाजाच्या खूप आधी मिळत होत्या. त्यांनी गणितातला तो आकडा बदलला. पुढच्या महिन्यात भेग पाडलेले ठोकळे ओढून त्यांची चिवटता मोजली, तेव्हा भेग गणिताने सांगितलेल्या जोराच्या अगदी जवळपासच पुढे सरकली.

हल्ली जेवणाच्या सुट्टीत मॅडम सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालूच ठेवतात. बाजीराव डबा संपवून तिथं जाऊन बसतात.