आयरिश साहेबांची तिसरी लढत

त्या घरात कामाला लागून आठवडाही झाला नसेल. पहाटे मी भाकरीचं पीठ मळत होते आणि मांडणीवरची भांडी वाजायला लागली. धप्, धप्, मग जरा थांबून पुन्हा धप्. पिठाच्या हातांनी मी तशीच अंगणात पळाले आणि ओरडले, "बाहेर या, बाहेर या!" कुणाला हाक मारत होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. माझ्या हाकेला येणारी माणसं तिकडं उमरग्याकडं, भूकंपात पडलेल्या घराखाली राहिली होती.

झालं होतं एवढंच, की घराच्या मागच्या भिंतीला साहेबांनी वाळूचं पोतं टांगलं होतं आणि त्यावर ते गुद्दे मारत होते. मला बघून थांबले. हसले नाहीत. मी कुठली, माझं काय झालं, हे त्यांनी आपल्या जीपच्या ड्रायव्हरला विचारून घेतलं असावं. दुसऱ्या दिवशी पोतं भिंतीवरून निघालं आणि लांबच्या आंब्याला लागलं. माझी शाळा सातवीत सुटली. आभार कसे मानायचे ते मला नीट येत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांच्या भाकरीवर मी तूप जरा जास्त घालायला लागले, एवढंच.

घर निरगुडसरच्या शिवारात, कालव्याच्या कडेला. मालक पुण्यात, घर भाड्यानं दिलेलं. तीन बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या असल्याची बोलवा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. जुन्नरकडच्या माळावर आकाशातले आवाज ऐकायच्या मोठाल्या तबकड्या उभ्या राहिल्या होत्या. माझे दीर तिथं गवंडीकाम करायचे, त्यांच्या ओळखीनं मला ही स्वयंपाकाची जागा मिळाली. साहेब तबकड्यांच्या लोखंडी तारा ताणायच्या कामावर. मी एकदाच डबा घेऊन तिकडं गेले. माळावर चिटपाखरू नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या तबकड्या हळूहळू, एकदमच, एका बाजूला वळल्या. कुणी हाक मारली की माणसं माना वळवतात तशा. मी त्या बाजूला बघितलं. नुसतं आभाळ होतं. त्यानंतर डबा ड्रायव्हरच नेऊ लागला.

साहेब आयर्लंडचे. इंग्लंडच्या शेजारचा देश, पण त्यांना इंग्रज म्हटलेलं खपायचं नाही. ड्रायव्हर गावातलाच, तो मुद्दाम म्हणायचा, "ताई, इंग्रजसाहेबाला आणिक एक भाकर वाढा." साहेब ताट बाजूला सारून मूठ दाखवायचे. मूठ म्हणजे खलबत्त्यातला बत्ताच.

संध्याकाळी ओट्यावर बसून ते आपल्या बॉक्सिंगचं सांगायचे. अर्धं इंग्रजी, अर्धं मोडकं हिंदी. ड्रायव्हर त्याचं मराठी करायचा, पण कुस्तीच्या हिशेबानं.

"म्हंजी बघा ताई, आपल्यात कसं, आधी गावच्या जत्रंतली कुस्ती, मंग तालुक्याची, मंग जिल्ह्याची. तसंच ह्यांचं. साहेब मधल्या वजनाचं. लई जाड न्हाई, लई बारीक न्हाई."

"तुमच्यासारखे."

"माजं वजन जेवायच्या आधीचं धरता का नंतरचं?"

तिकडं, त्यांच्या गावातल्या चर्चमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये साहेबांनी पहिल्यांदा हातमोजे घातले. वडील गोदीत ओझी उचलायचे. तेव्हा लढायचं ते हौसेनं. अंगात बनियन, तीन फेऱ्या, पैसे नाहीत, जिंकलं तर कप. एकदा कपाऐवजी चहाची किटली मिळाली, ती त्यांच्या आईनं मरेपर्यंत वापरली. असं जिंकत जिंकत देशाच्या अजिंक्यपदापर्यंत पोचले, तेव्हा समोर आला दुसरा. त्याचं नाव साहेब कधी घ्यायचे नाहीत, म्हणून मीही दुसराच म्हणते. त्याच गावचा, नदीपलीकडचा, डावखुरा. त्यानं साहेबांना हरवलं. पुढच्या वर्षी साहेबांनी त्याला. दोन्ही वेळा दोघं एकाच बसनं, एकाच पुड्यातले तळलेले बटाटे खात घरी आले.

मग साहेब धंदेवाईक झाले. बनियन गेलं, फेऱ्या दहा झाल्या, पैसे मिळायला लागले. लंडनला गुत्त्यावरच्या खोलीत राहायचं, पहाटे धावायचं, दिवसा तारांच्या कामावर जायचं. नाक मोडलं, बसवलं, परत मोडलं. पण जिंकत गेले. दुसराही धंद्यात उतरला, तोही जिंकत गेला. शेवटी मधल्या वजनाच्या मानाच्या पट्ट्यासाठी दोघांचीच जोड ठरली. दोघांनी एकेक जिंकली होती, आता तिसरी. खरा कोण ते कळणार होतं. गावातल्या दुकानादुकानांवर दोघांची चित्रं लागली.

लढतीला थोडे दिवस राहिले असताना दुसरा समुद्रात पोहायला गेला आणि वर आला नाही.

"सापडला का?" मी विचारलं.

ड्रायव्हरनं ते साहेबांना विचारलंच नाही. मला म्हणाला, "असलं इचारू नये, ताई."

ऐनवेळी बदली माणूस उभा केला. साहेबांनी त्याला तिसऱ्याच फेरीत झोपवलं. पट्टा मिळाला, पण हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. त्यानंतर ते हरतच गेले. मारायला हात उचलला, की समोरच्याच्या जागी दुसरा दिसायचा. मग हातमोजे सोडले आणि तारांचं काम तेवढं धरून देशोदेश फिरत इथवर आले.

हे सगळं मला टप्प्याटप्प्यानं कळलं. त्याच्या आधीपासून मी एक गोष्ट बघत होते.

पोतं मारून झालं, की साहेब अंगणात हवेतच गुद्दे मारायचे. ड्रायव्हर म्हणाला, "बॉक्सिंगवाल्यांचा सरावच असतो तो. सावलीसंगं खेळायचं." बरं, म्हटलं. पण ते खेळायचे फटफटायच्या आधी. त्या वेळी सावली कुठली? आणि ते हवेशी खेळतायत असं दिसायचं नाही. ते मारायचे कमी आणि चुकवायचे जास्त. मधूनच डोकं मागं झटकायचं, खरंच गुद्दा बसल्यासारखं. थोडं खेळून झालं, की पालथ्या बादलीवर बसायचे. समोरच्या कोपऱ्यात त्यांनी एक दगड आणून ठेवला होता, त्यावर कुणी बसत नव्हतं. मला म्हणायचे, "ताई, पाणी. दो." मी दोन तांबे ठेवायचे. एक बादलीपाशी, एक दगडापाशी. दगडापाशी ठेवताना मी मान वर करायचे नाही. नंतर उचलायला गेले की तांब्यातलं पाणी थोडं उणं वाटायचं. चिमण्या पीत असतील. मी तरी कुठं मोजून भरत होते!

तिसऱ्या लढतीचं ऐकलं, तेव्हा हे सगळं जागच्या जागी बसलं. साहेब सराव करत नव्हते. राहिलेली लढत खेळत होते.

मी ते ड्रायव्हरला म्हटलं. तो नेहमीसारखा हसला नाही. म्हणाला, "मीच इचारलं व्हतं येकदा, कोन जितंल म्हनून. साहेब म्हनले, मी म्हातारा व्हत चाललो, त्यो अजून सव्वीसचाच हाय."

पावसाळा सरला आणि साहेब अंगानं उतरायला लागले. जेवण निम्म्यावर आलं. सकाळी ओठ फुटलेला, डोळ्याखाली काळंनिळं. मी हळद लावायचे. "पडलो," म्हणायचे. पडतही असतील, आता ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच गुडघ्यावर यायचे, आणि समोर कुणीतरी उभं आहे अशी वर नजर लावून बसायचे. मंचरच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, विश्रांती सांगितली. साहेब दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात. माझी झोप गेली. अंथरुणात पडून मी भांड्यांचा कानोसा घेत बसायचे. आधी भांडी वाजली की भीती वाटायची, आता वाजली नाहीत तर वाटायची. हा माणूस आपल्यासमोर मरणार, आणि आपण तांबे भरून ठेवणार. परमुलखात माझी कदर केलेलं एवढं एकच माणूस होतं.

गावात तर बोलणं सुरूच झालं होतं. कालव्याच्या वळणावर वेताळाचं ठाणं आहे. बायका पाण्यावर म्हणायच्या, "तुजा गोरा येताळाच्या गड्यासंगं झुंजतोय म्हनं. हरला का घेऊनच जानार त्यो." कुणी म्हणालं भगत बोलवा. कुणी म्हणालं भीमाशंकरला अभिषेक घाला. ड्रायव्हरनं मात्र आपल्या मामाला आणलं. मामा म्हणजे गावच्या तालमीचे वस्ताद. सत्तरीचे, कान कुस्तीत चुरगळून गोळा झालेले, जत्रेच्या आखाड्यात पंच म्हणून यांचाच शब्द शेवटचा. ते रात्री ओट्यावर येऊन झोपले. झोपायच्या आधी साहेबांचं नाक बोटानं हलवून बघितलं आणि आपला कान पुढं केला. साहेबांनी कान चिमटीत धरून बघितला. दोघं हसले. कित्येक दिवसांनी साहेबांचे दात दिसले.

पहाटे साहेब उठून अंगणात गेले. वस्ताद ओट्यावर उकिडवे बसून बघत राहिले. मी दारात, ड्रायव्हर खांबाआड. वस्तादांची नजर साहेबांवर नव्हती. साहेबांच्या समोर होती, आणि हलत होती.

"जोड झ्याक हाय," ते हळूच म्हणाले. "दुसरा डावखुरा हाय."

मी ड्रायव्हरकडं बघितलं. त्यानं गळ्याला चिमटा घेतला. "आईशप्पथ ताई, मी न्हाई सांगितलं."

"मामा," तो पुढं म्हणाला, "भगताला बोलवू का? भूत काडाय पायजे."

"कसलं भूत? पैलवान हाय त्यो. येवड्या लांबनं कुस्ती धरून आलाय, त्याला हाकलतूस? लाज वाटू दे." मग माझ्याकडं वळून समजावल्यासारखं म्हणाले, "पोरी, ही कुस्ती निकाली व्हायची न्हाई. दोगं बी तोलाचं. ह्यांच्यात पंचच न्हाई कुनी, मंग थांबायचं कसं? येकजन मरस्तवर चालनार. नारळ हाय का घरात?"

नारळ होता. मी आणायला आत गेले आणि बाहेर आले तोवर वस्तादांनी पटका नीट बांधून घेतला होता. साहेब गुडघ्यावर आले होते. उठू बघत होते, उठवत नव्हतं. वस्ताद वाकले, अंगणातली चिमूटभर माती साहेबांच्या हाताला लावली, चिमूटभर समोर टाकली. आणि दोघांच्या मधे शिरले.

"हां, बास! सुटा!"

जत्रेत हजार माणसांत जातो तसला आवाज. साहेबांना मराठी किती कळलं कोण जाणे, पण ते थांबले. वस्तादांनी उजव्या हातानं साहेबांचं मनगट धरून त्यांना उभं केलं आणि डावा हात दुसरीकडं लांब करून तिथलंही मनगट धरलं. दोन्ही हात एकदम वर.

"बरूबरीत सुटली हो! बरूबरीत!"

मी त्यांच्या डाव्या हाताकडं बघत होते. मूठ मिटलेली नव्हती. बोटांच्या आत जाडजूड मनगटाएवढी जागा होती, आणि वस्तादांच्या दंडाची शीर ताणलेली होती, वजन उचलल्यासारखी.

खांबाआडून ड्रायव्हरनं टाळी वाजवली. मग मीही. दोन माणसांच्या टाळ्या, त्या उसात लांबवर गेल्या. साहेब त्या वर गेलेल्या रिकाम्या हाताकडं बघत उभे होते आणि त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं.

वस्तादांनी दगडावर नारळ फोडला. एक भकल साहेबांना दिलं, एक दुसऱ्यासाठी पुढं धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं, मग आपल्याच उपरण्यात बांधलं. "वाटंत खाईल," म्हणाले. आणि पायात वहाणा घातल्या.

"मामा, जीप काडतो की," ड्रायव्हर म्हणाला.

"तू ऱ्हा हितंच. पावन्या पैलवानाला येशीपातुर पोचवून येतो. रीत हाय ती. आल्यावर च्या टाका."

ते निघाले. तसे साहेबही निघाले. नारळाचं भकल हातात, पायात काही नाही, त्यांच्या मागून चालायला लागले. हाक मारायचा धीर मला होईना. कालव्यापर्यंत गेले असते तर पुढं कुठवर गेले असते, याचा विचार आजही मी पुरा करत नाही. मी पळत जाऊन त्यांचं मनगट धरलं. तोवर त्यांच्या हाताला हळदीपुरताच माझा हात लागलेला.

"साहेब, तुम्ही नाही. तुम्ही घरी."

त्यांनी हात ओढला. मी सोडला नाही. ते माझ्यापेक्षा दुप्पट, पण त्या दिवशी त्यांच्यात जोर नव्हता आणि माझ्यात कुठून आला ठाऊक नाही.

"ताई," ते म्हणाले, "वो अकेला है."

"एकटा नाही. बघा की."

फटफटलं होतं. वस्ताद बांधावरून चालले होते. पण बांधाच्या एका कडेनं, दुसरी कड मोकळी सोडून. मधेच मान वळवून काहीतरी बोलत होते, हातानं गावाची देवळं, तालीम दाखवत होते, पाहुण्याला दाखवतात तशी. एकदा तर हसलेले ऐकू आले. कालव्यावर एकच अरुंद फळी टाकलेली आहे, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. तिथं पोचल्यावर वस्ताद थांबले, बाजूला झाले, आणि हातानं 'आधी तुम्ही' म्हणून खूण केली. फळी लवली. मग सरळ झाली. मग वस्ताद चढले.

माझ्या हातातलं साहेबांचं मनगट सैल झालं. ते तिथंच बांधावर बसले आणि नारळ खायला लागले.